वाळवंटातली पोपटी

आम्ही दोघं नवरा-बायको. एकाचं घर पेणला, दुसरीचं माहेर रोह्याला. गावाकडे हे अंतर रेल्वेने तासाभराचं. गेली कित्येक वर्षं आम्ही शारजात राहतो, कामाला दुबईत जातो.

डिसेंबरात इथल्या शाळांना थंडीची सुट्टी लागते, तीन-चार आठवड्यांची. मुलं मोकळी, आई-बाप कामावर. आणि नेमके याच दिवसांत मुंबईच्या तिकिटांचे भाव असे चढतात की चौघांचा हिशेब मांडला की कागद गुपचूप घडी करून ठेवावा. मग दरवर्षी तेच ठरतं, जुलैत मोठ्या सुट्टीत जाऊ. त्यामुळे आमच्या मुलांना कोकण माहीत आहे ते फक्त पावसातलं. चिखल, छत्र्या, गेलेली वीज, आणि वडखळ-नागोठण्याच्या रस्त्यावर खड्ड्यांतून हळूहळू सरकणारी गाडी. भात कापल्यानंतरची मोकळी शेतं त्यांनी पाहिलेली नव्हती. त्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल येतो, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा धाकट्याने विचारलं, "अब्बा, पोपटी म्हणजे मादी पोपट का?" त्या रात्री आम्ही ठरवलं की यंदा इथेच पोपटी लावायची.

पेण, रोहा, अलिबागच्या वाचकांना पोपटी सांगायला नको, पण मराठवाड्यात-विदर्भात हे मासिक वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मध्ये मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी. तोंड पुन्हा पाल्याने घट्ट दाबून बंद करायचं. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र आवाज होऊन ते क्षणात उडालं की झाली. वासावरून ओळखणारेही असतात. रोह्याचे आमचे एक मित्र, त्यांचे वडील तसे होते. ते मडक्याजवळ बसायचे, नाक वर करायचे आणि म्हणायचे, "उतरा."

दुबईत भांबुर्डा कुठला मिळणार? शेंगा करामाच्या भाजीवाल्याकडे मिळाल्या, त्याही गुजराती पद्धतीच्या, चपट्या. पाल्याऐवजी केळीची पानं आणि दुप्पट ओवा. वाळूवर थेट जाळ करायला अनेक ठिकाणी मनाई असते, म्हणून परवानगी असलेली जागा शोधून पत्र्याचा मोठा ट्रे नेला. पहिल्या वर्षी मडकं तडकलं, शेंगांना राखेची चव आली आणि शेवटी सगळ्यांनी सोबत आणलेल्या तांदळाच्या रोट्या आणि कालवण खाल्लं. मुलांना मात्र ती रात्र इतकी आवडली की पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासूनच विचारणा सुरू झाली.

पाच कुटुंबं जमायची. तीन आपल्या रायगडची, एक रत्नागिरीचं, एक केरळचं. परदेशात मित्र म्हणजे नुसते गप्पांचे सोबती नसतात. आमची मुलगी इथे जन्मली तेव्हा ना सासू येऊ शकली ना आई, व्हिसा वेळेवर झाला नाही. पेणच्या एक भाभी चाळीस दिवस रोज सकाळी डबा घेऊन आल्या, बाळाला न्हाऊ घातलं, आणि एकदाही उपकाराचा शब्द काढला नाही. घराची एक चावी आजही त्यांच्याकडे असते.

पण या मैत्रीची एक बाजू आम्हाला उशिरा दिसली, आणि ती सांगितली पाहिजे. इथे माणसं दोन प्रकारची धरतात, 'फॅमिली' आणि 'बॅचलर'. बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. गावाला बायको आणि तीन मुलं असलेला माणूसही इथे बॅचलरच. कुटुंब आणायचं तर पगार किमान 4,000 दिरहम हवा, किंवा 3,000 आणि राहायची सोय. ज्यांना तो नाही ते सोनापूरच्या कॅम्पात किंवा देऱ्यातल्या एका खोलीत सहा-आठ जण राहतात. त्यांत आपल्या रोहा-पेणची मुलंही आहेत. आमच्या पोपटीला ती कधी नव्हती. बायका-मुलं असतात, अवघडल्यासारखं होतं, असं आम्ही म्हणायचो. खरं कारण आळस होतं, आणि थोडा मोठेपणाही.

तिसऱ्या वर्षी सगळं रचून झालं होतं, काडी लावायची तेवढी बाकी. मगरिबच्या सुमारास त्या रोह्याच्या मित्राचा फोन वाजला. वडील गेले होते, असरनंतर. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. घरचे विचारत होते, येतोस का, थांबू का? इथून मुंबई तीन तास, पुढे रोहा चार तास, आणि पहिलं मिळणारं विमान मध्यरात्रीनंतरचं. मय्यत ताटकळत ठेवू नये हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते म्हणाले, "थांबू नका. इशानंतर दफन करा." तिथे इशाची वेळ होत आली होती. वाळूतच आम्ही सगळे त्यांच्याजवळ बसलो. कुणी काही बोललं नाही. केरळच्या मित्राने तेवढ्यात मोबाईलवर तिकीट काढलं आणि पैशाचा विषय नंतरही कधी काढला नाही.

मडकं तसंच गाडीत परत आलं.

रात्री विमानतळावर त्यांना सोडायला गेलो तर चार तरुण आधीच येऊन उभे होते. रोह्याचे, सोनापूरहून दोन बस बदलून आलेले. बातमी त्यांना गावाकडून कळली होती. एकाने बॅग घेतली, एकाने घरून न्यायचं विसरलेलं जॅकेट आपल्या अंगातलं काढून दिलं. आम्ही त्यांची नावं त्या रात्री पहिल्यांदा विचारली.

पुढच्या डिसेंबरात पोपटी लावावी की नाही, हे विचारायचं धाडस आमच्यात नव्हतं. त्या मित्रानेच विषय काढला. अट एकच, की ती चार मुलं हवीत. ती आली, स्वच्छ इस्त्रीचे शर्ट घालून, पहिला तासभर लांब उभी राहिली. मग त्यांच्यातल्या एकाने पिशवीतून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली. गावाहून नुकत्याच परतलेल्या सोबत्याकडून मागवलेला भांबुर्डा, सुकून काळपट झालेला, पण वास तोच. आमच्या रचलेल्या मडक्याकडे बघून तो हसला आणि म्हणाला, "चाची, शेंगा फार दाबल्या. वाफ फिरणार कशी?" सगळं बाहेर काढून त्याने पुन्हा भरलं.

जाळ बसला. मुलं गाडीतून पाण्याची बाटली घेऊन आली, शिंपडायला. मित्राने हाताने त्यांना थांबवलं. मडक्याजवळ उकिडवे बसले, नाक वर केलं, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"उतरा," ते म्हणाले.