पेटीचा पास आणि माणसाचा पास

वाचन म्हटले की आपल्याकडे कथा, कादंबरी आणि फार तर कविता एवढेच डोळ्यांपुढे येते. बाकीचे सारे 'अभ्यासाचे'! 'ललितेतर' हा शब्दच पाहा. जे ललित नाही ते, एवढीच त्याची ओळख. जणू एखाद्या माणसाची ओळख 'हे आमचे जावई नव्हेत' अशी करून द्यावी. मला मात्र गेली दोन-तीन वर्षे या जावई नसलेल्या पुस्तकांचाच लळा लागला आहे. इतिहास, गुन्हेगारी आणि व्यसने या तीन विषयांवरील पुस्तके तर मी हाताला लागतील तशी वाचते. मैत्रिणी म्हणतात, 'तुला दुसरे काही चांगले मिळत नाही का?'

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अशी तीन पुस्तके योगायोगाने एकापाठोपाठ वाचून झाली. एक अफूच्या व्यापाराच्या इतिहासाचे, दुसरे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि तिसरे अनिल अवचट यांचे 'गर्द'. ग्रंथालयात ही तीन निरनिराळ्या कपाटांत राहतात आणि एकमेकांकडे पाठ करून उभी असतात. पण पाठोपाठ वाचल्यामुळे मला ती एकाच घरातली वाटू लागली. पुस्तकात नाव कोणाचे लागते आणि नुसती मोजदाद कोणाची होते, हा एकच प्रश्न तिन्हींतून डोके वर काढत राहिला. त्याविषयी थोडे लिहिते.

अफू आपल्या पाठ्यपुस्तकात 'चीनमधील अफूची युद्धे' या मथळ्याखाली येते आणि परीक्षेत पाच गुणांची टीप लिहिली की संपते. युद्ध चीनचे, पण अफू आपली होती, हे त्या टिपेत बसत नाही. बंगालकडची अफू कंपनीच्या मक्त्याची. ती पाटणा आणि गाझीपूरहून कलकत्त्याला लिलावासाठी जाई. दुसरी माळव्याची. माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली की आपण इतिहासाचे पुस्तक मिटतो, पण त्यानंतरही ग्वाल्हेर-इंदूरचे दरबार होते, त्यांचे खजिने होते, उज्जैन-इंदूरच्या सावकारांच्या पेढ्या होत्या, आणि या साऱ्यांचा अफूशी फार जवळचा संबंध होता. अमर फारुकी यांनी माळव्याच्या अफूवर आणि तिने घडविलेल्या मुंबईवर स्वतंत्र पुस्तके लिहिली आहेत. अमिताव घोष यांचे 'स्मोक अँड अ‍ॅशेस' २०२३ मध्ये आले, त्यातही हा सारा व्यवहार तपशिलाने आहे. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण शब्दकोश जवळ ठेवून वाचता येतात.

माळव्याची अफू कंपनीच्या मक्त्यात नव्हती. ती राजपुतान्यातून वाळवंट तुडवत कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाई. अडवायचा खूप प्रयत्न झाला, जमले नाही. तेव्हा १८३० च्या सुमारास कंपनीने व्यापारी शहाणपण केले. अडवण्याऐवजी पास द्यायचा. पेटीमागे ठरलेले शुल्क भरा, पास घ्या आणि खुशाल मुंबई बंदरात न्या! १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराचीची चोरवाट बंद झाली आणि हे शुल्क वाढत वाढत १८४७ पर्यंत पेटीला ४०० रुपयांवर गेले. ज्या सरकारला काल हा माल 'चोरटा' वाटत होता, त्याच मालाने आज त्याची तिजोरी भरू लागली. अफूत काहीच बदल झाला नव्हता. फक्त एक कागद मिळाला होता.

१८४२ हे साल मी वहीत दोनदा अधोरेखित केले आहे. त्या वर्षी नानकिंगचा तह होऊन हाँगकाँग इंग्रजांना मिळाले, आणि त्याच वर्षी जमशेटजी जीजीभॉय 'सर' झाले. हा किताब मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. चीनच्या व्यापारात, त्यातही कापूस आणि अफूत, त्यांनी अमाप पैसा मिळविला आणि तो लोकांसाठी तितक्याच मोकळ्या हाताने दिला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा आपल्याला ठाऊक आहेतच. त्या रुग्णालयात आजवर किती गोरगरीब बरे झाले असतील, त्याची गणती नाही. तो पैसा घ्यायलाच नको होता, असे म्हणण्याइतकी मी सोवळी नाही. व्यापारही इथल्या कायद्याने राजरोस होता. मला अडखळायला झाले ते दुसऱ्याच ठिकाणी. देणाऱ्याचे नाव दगडावर कोरलेले आहे. आणि कँटनच्या गल्लीत ती अफू ओढणारा? तो कागदोपत्री कोठे आहे? तो पेट्यांत आहे. १८८० च्या सुमारास हिंदुस्थानातून वर्षाला लाखाच्या आसपास पेट्या बाहेर जात होत्या, एकेका पेटीत साठ-पासष्ट किलो अफू. एवढ्या अफूमागे किती माणसे, हा हिशोब वाचकाने आपल्या मनाने करायचा. खसखशीच्या बोंडांना चिरा देऊन पहाटे चीक खरवडणारा माळव्यातला शेतकरीही त्या हिशोबात बिननावाचाच.

आता दुसरा पास. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता, १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा वाढून मुंबई इलाखाही त्यात आला. जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की तीत जन्मलेल्याची नोंद पोलिसांकडे व्हायची, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, आणि गावाबाहेर जायचे तर पास घ्यायचा. पुन्हा पासच! आमच्या सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द पत्ता सांगताना आजही सहज येतो. तारेच्या कुंपणाआड ठेवलेली ती वसाहत. तेथली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. लहानपणापासून हा शब्द मी ऐकला होता, पण तो एखाद्या कायद्याच्या पोटातून निघाला आहे हे मला पुस्तकांनी सांगितले.

दोन्ही पास एकाच सरकारचे आणि एकाच शतकात जन्मलेले. पेटीचा पास पैसे भरले की मिळायचा आणि पुढची वाट मोकळी व्हायची. माणसाच्या पासाने वाट मोकळी होत नव्हती, तो कितीदा घेतला तरी शिक्का कायम राहायचा. इतिहासाच्या पुस्तकात या दोन पासांची गाठ पडत नाही, कारण एक 'आर्थिक इतिहास' आणि दुसरा 'सामाजिक इतिहास'. प्रकरणे वेगळी, प्रश्नपत्रिकेतले विभागही वेगळे!

'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीच्या तासाला त्याची भाषा, त्याचा दलित आत्मकथनांशी संबंध वगैरे आपण शिकतो. मला ते पोलीस दप्तराला दिलेले उत्तर वाटले. दप्तरात जमात असते, नोंदीचा आकडा असतो, 'सराईत' हा शब्द असतो. या पुस्तकात मात्र भूक आहे, शाळेत गेलेला पहिला मुलगा आहे, आणि त्याच्या शाळेत जाण्यानेच पोरे आजारी पडतात असे समजणारी त्याचीच माणसे आहेत. विशेष म्हणजे लेखक चोरी लपवीत नाही. ती कशी शिकवली जाते, मार सोसायची सवय पोरांना कशी लावतात, हे सारे तो स्वतःच सांगतो. आमच्या वर्गातील एक मित्र म्हणाला, 'मग कायदा खोटा कसा? ते चोऱ्या करतच होते ना?' प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. पण चोरी करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा आधीपासूनच होता. नव्या कायद्याला पकडायचे होते ते अजून चोरी न केलेल्याला, किंबहुना अजून न जन्मलेल्यालाही. या दोहोंतील अंतर मला 'उचल्या'ने जितके स्वच्छ दाखविले तितके कायद्याच्या कलमांनी दाखविले नाही.

लिहिणारा कोण, यावर किती अवलंबून असते याचे आणखी एक उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातले आहे. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये फाशी दिली. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, अलेक्झांडर मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याचे रामोशांवरील पुस्तक निघाले, त्यात उमाजींची हकीकत आहे. हा मॅकिंटॉश त्यांना पकडण्याच्या मोहिमेतलाच. आज आपण उमाजींना आद्य क्रांतिकारक म्हणतो, जयंती साजरी करतो. पण त्यांच्याविषयीच्या माहितीचा मोठा भाग पाठलाग करणाऱ्याच्या लेखणीतून आला आहे. शिकाऱ्याने लिहिलेले वाघाचे चरित्र म्हणा ना! ते वाचूच नये असे नाही. उलट तपशील त्यातच सापडतात. फक्त बंदूक कोणाच्या हातात होती याचा विसर पडू देऊ नये.

गुन्हेगारीवरील आजकालची पुस्तके मला या कसोटीवर फारशी टिकणारी वाटत नाहीत. मुंबईच्या टोळ्यांवर मराठी-इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ती एका बैठकीत वाचून होतात हे खरे, पण मिटल्यावर टोळीप्रमुखाच्या गाड्या आणि गोळीबाराच्या जागा तेवढ्या लक्षात राहतात. मेलेला पानवाला किंवा हवालदार एका ओळीत येऊन जातो. ट्रुमन कपोटी यांचे 'इन कोल्ड ब्लड' (१९६६) या प्रकारचा आदर्श मानला जातो. कॅन्सासमधील एका शेतकरी कुटुंबातील चौघांच्या १९५९ मधील खुनाची ती हकीकत. तीत मेलेल्यांना निदान त्यांचा शेवटचा दिवस तरी मिळतो. आपल्याकडे तेवढेही क्वचितच मिळते.

'गर्द'कडे येते. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचे हेरॉईन, म्हणजे पुन्हा अफूच! हे नाते कळले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले. अफूपासून मॉर्फिन, मॉर्फिनपासून १८७४ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत हे रसायन तयार झाले, आणि १८९८ पासून जर्मनीच्या बायर कंपनीने ते हेरॉईन या नावाने खोकल्याचे औषध म्हणून विकले. खोकल्याचे औषध! १९८० नंतर ते भुकटीच्या रूपाने मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत आले. पन्नीवर भुकटी, खाली काडी, वर धूर.

अवचट यांनी मोठ्या व्यापाराचा फारसा शोध घेतला नाही. ते ओढणाऱ्या पोरांजवळ जाऊन बसले. त्यामुळे येथे प्रथमच पेटीऐवजी माणूस दिसतो. गर्द मिळाला नाही की 'टर्की' सुरू होते. नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे पिळवटल्यासारखी, पोट बिघडलेले, झोप नाही. हा मुलगा चोरी करतो, घरचे भांडे विकतो. पण का, ते शरीराच्या भाषेत कळते. या लेखनातूनच पुढे काम उभे राहिले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी ते वाचून मदत देऊ केली आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते वाढविले. एखाद्या लेखमालेतून माणसांना दाखल करून घेणारी जागा निर्माण व्हावी, असे मराठीत फार वेळा घडलेले नाही.

हे पुस्तक मला जवळचे वाटण्याचे कारण घरचे आहे, तेही सांगते. माझे एक मामा दारूने गेले. आमच्याकडे त्यांचा उल्लेख 'त्याचे' असा व्हायचा, नाव घेत नसत. 'त्याचे कपडे देऊन टाका.' 'त्याच्यापायी शेत गेले.' आजीने त्यांना देवाच्या शपथा घातल्या, गंडे बांधले, कोंडून ठेवले. हात थरथरायचे ते नाटक आहे, असे सगळ्यांचे मत होते. दारू अचानक तुटली की हात थरथरतात, घाम सुटतो, कधी भासही होतात, आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीची गरज असते, ही माहिती आमच्या घरात तेव्हा कोणालाच नव्हती. ती मला पुस्तकांनी दिली, मामा गेल्यानंतर सहा वर्षांनी. मी आईला 'गर्द'मधील काही पाने वाचून दाखविली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मामांचा एक किस्सा सांगितला, ते शाळेत नाटकात शिवाजी झाले होते त्याचा. सांगताना 'आमचा दत्तू' म्हणाली.

सर म्हणतात, असे वाचन माणसाला हळवे करते आणि इतिहासाला हळवेपणा चालत नाही. मला वाटते हिशोब मागणे म्हणजे हळवेपणा नव्हे. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने अफूविषयी एक शाही आयोग नेमला. त्याने शेकडो साक्षी घेतल्या, जाडजूड खंड छापले आणि १८९५ मध्ये निष्कर्ष काढला की हिंदुस्थानात अफूने फारसे नुकसान होत नाही. साक्षी देणाऱ्यांत डॉक्टर होते, अधिकारी होते, जमीनदार होते. उत्पन्न चालू राहिले. त्या खंडांत काय आहे यापेक्षा कोणाला बोलावले आणि कोणाला नाही, हे पाहणे हा इतिहासाचाच अभ्यास आहे.

शिवाय हे सारे जुने झाले म्हणावे, तर तसेही नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींविषयी जी कलमे उरली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे बहात्तर वर्षांनी. आणि गाझीपूरचा अफूचा कारखाना? १८२० मध्ये सुरू झालेला तो कारखाना आजही सरकारी मालकीचा आहे. तेथील अफूपासून आता औषधे होतात. आपल्या ग्रंथालयात अफूवरचे एकही मराठी पुस्तक नाही. 'उचल्या'ची एक प्रत आहे, तिची बांधणी सुटली आहे. 'गर्द' सध्या माझ्याकडे आहे, सोमवारी परत करीन.