घंटा आणि गाव

पाचोऱ्याहून चाळीसगाव, मनमाड करत नाशिकला गेलो की पंचवटीत गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात डोकावल्याशिवाय मी परतत नाही. देऊळ १७४७ सालचं, पण दरवाजावरच्या थोरल्या घंटेवर साल आहे १७२१. ती पोर्तुगीजांच्या चर्चची. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ती इथं आली. तशीच एक भीमाशंकरलाही आहे.

लहानपणी या घंटेचा नुसता अभिमान वाटायचा. आता ती ज्या मनोऱ्यातून उतरली त्याचीही आठवण येते. वसईच्या किल्ल्यातली चर्चेस ओस पडली, छपरं कोसळली. किल्ल्याबाहेरच्या गावांमधली ख्रिस्ती माणसं मात्र राहिली, आणि माणसं राहिली म्हणून तिथली चर्चेसही नांदती राहिली. त्या गावांतल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

मेखाकावानच्या आर्मेनियन चर्चच्या नशिबी असं नांदणं नव्हतं. आर्मेनियन माणूस आपल्याला अगदी परका नाही. मुंबईच्या फोर्टात त्यांचं १७९६ सालचं सेंट पीटर चर्च आहे. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या वादाचा प्रदेश असलेल्या काराबाखच्या दक्षिणेला मेखाकावान नावाच्या वस्तीत त्यांनी २०१७ मध्ये एक छोटं, नवंकोरं चर्च बांधलं. तीन वर्षांत दोघांत युद्ध झालं आणि वस्ती अझरबैजानच्या ताब्यात गेली. त्या नोव्हेंबरातल्या चित्रफितीत सैनिक चर्चवर चढून घोषणा देताना दिसतात. म्हणजे लढाई संपली तेव्हा इमारत उभी होती. २०२१ च्या मार्चमध्ये बीबीसीचा बातमीदार तिथं पोचला, तर जागा सपाट. त्याच डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं आर्मेनियन वारशाची विटंबना रोखण्याचा आदेश अझरबैजानला दिला. मेखाकावानसाठी तो उशिराच आला.

जुन्या चर्चची किंमत निदान इतिहासकार करतात. तीन-चार वर्षांच्या चर्चसाठी कोण रडणार? ज्यांनी ते बांधलं तेच, आणि ते तर तिथून निघून गेलेले. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात उरलेल्या काराबाखमधूनही एक लाखाहून अधिक आर्मेनियन बाहेर पडले.

अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि पर्ड्यू विद्यापीठांतले पुरातत्त्वज्ञ आता उपग्रहाच्या छायाचित्रांवरून एकेका चर्चवर नजर ठेवतात. शुशी गावातलं १८४७ सालचं 'हिरवं चर्च' जमीनदोस्त झाल्याचं त्यांनी २०२४ मध्ये कळवलं. शुशीतले आर्मेनियन २०२० मध्येच गेले होते.