मनोविकार वाढले की दिसू लागले?

मनोविकार आज अधिक दिसतात, याचे पहिले कारण नोंद. म्हसळ्यासारख्या कोकणी मुलखात पूर्वी रात्र-रात्र न झोपणाऱ्या, एकटीच पुटपुटणाऱ्या बाईला भगताकडे नेत, अंगारा लावत. दप्तरी नोंद होत नसे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासूनचे, पण तिथे बहुधा तीव्र आजाराचेच रुग्ण पोहोचत. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मनोविकारांवरचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेण्याचे ठरवले. निदानाच्या व्याख्याही रुंदावल्या. काही वाढ मात्र खरी आहे: आयुर्मान वाढल्याने स्मृतिभ्रंशाचे रुग्ण वाढले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ राज्यांतील सुमारे १०.६ टक्के प्रौढांत मनोविकार आढळले. त्यांतले बहुतेक उपचाराविनाच होते. म्हणजे दवाखान्यातली नोंद आजही अपुरीच आहे.