न नोंदलेली खबर : पोलिसांचे कर्तव्य व फिर्यादीपुढील मार्ग

चोरी झाली, मारहाण झाली किंवा घरातील माणूस नाहीसे झाले, तर पोलीस ठाण्यावर जाऊन खबर द्यावी, पुढचे पोलीस पाहतील, अशी सामान्य माणसाची समजूत असते. अनुभव मात्र पुष्कळदा निराळा येतो. ‘हद्द आमची नाही’, ‘अर्ज देऊन ठेवा’, ‘साहेब आल्यावर पाहू’ ही उत्तरे ठाण्यावर नित्य ऐकू येतात. पण ह्यांहून अधिक फसवी अशी आणखी एक रीत आहे. गुन्हा दखलपात्र असूनही तो अदखलपात्र गुन्ह्यांच्या नोंदवहीत लिहावयाचा व फिर्यादीच्या हाती एक चिठ्ठी द्यावयाची. किंवा चोरीस गेलेली वस्तू ‘गहाळ’ झाली असे लिहून घ्यावयाचे. काहीतरी नोंद झाली ह्या समाधानात फिर्यादी घरी परततो. वस्तुतः अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना करताच येत नाही. तेव्हा ती चिठ्ठी हाती पडते त्याच क्षणी तपासाची वाट बंद झालेली असते.

कायद्याची भाषा ह्या बाबतीत संदिग्ध नाही. १८८२, १८९८ व १९७३ ह्या तिन्ही फौजदारी प्रक्रिया संहितांत ही तरतूद कलम १५४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १७३ मध्ये आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी मिळाली तर ठाणे अंमलदाराने ती लिहून घ्यावी, खबर देणाऱ्यास वाचून दाखवावी, तिच्यावर त्याची सही घ्यावी आणि तिचा सारांश विहित वहीत नोंदवावा, असा हा दंडक आहे. खबरीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क १९७३ च्या संहितेने दिला. अभ्यासकाने येथे एक शब्दभेद ध्यानात घ्यावा. वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार देणाऱ्या कलम ४१ मध्ये ‘वाजवी’ तक्रार, ‘विश्वसनीय’ खबर अशी विशेषणे होती. कलम १५४ मध्ये ‘खबर’ हा शब्द विशेषणाविना येतो. खबर खरी की खोटी हे तपासाअंती ठरावयाचे; नोंदीच्या वेळी तिच्यावर निवाडा देण्याचे काम अंमलदाराकडे सोपविलेलेच नाही. हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने भजनलाल प्रकरणात १९९० साली स्वीकारला.

मग एवढा स्पष्ट दंडक मोडला का जातो? अंमलदाराचा आळस किंवा लाचलुचपत ही कारणे आहेतच, पण तेवढ्यावर थांबणे वरवरचे ठरेल. ठाण्याची कामगिरी नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यांवरून जोखली जाते. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना होते. आकडा वाढला की वरिष्ठ जाब विचारतात आणि विधिमंडळात प्रश्न येतात. अशा वेळी आकडा कमी ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गुन्हा न नोंदणे. पोलीस खात्याच्या परिभाषेत ह्यास ‘बर्किंग’ म्हणतात. १८२८ साली एडिंबरो येथे खून करून प्रेते विकणाऱ्या बर्कच्या नावावरून, आवाज न होता गळा दाबणे ह्या अर्थाने, तो शब्द रूढ झाला. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही ह्या दोषाची दखल घेतली होती.

ह्याचा परिणाम संख्याशास्त्रावर होतो. दिल्लीत नोंदलेले गुन्हे २०१३ ते २०१४ ह्या एका वर्षात जवळजवळ दुप्पट झाले. शहर एका वर्षात दुप्पट गुन्हेगार बनले असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती नोंदीची पद्धत. राजस्थानात ठाण्याने नकार दिल्यास थेट अधीक्षक कार्यालयात गुन्हा नोंदविण्याची सोय २०१९ साली झाली, तेव्हाही आकडा वाढला, आणि ती वाढ शासनाचे अपयश म्हणून वापरली गेली. राज्याराज्यांतील गुन्हेगारीची तुलना करणारे कित्येक प्रबंध ह्या एका मुद्द्यावर डळमळीत होतात.

ललिता कुमारी प्रकरणाची पार्श्वभूमी हीच होती. एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची लेखी खबर ठाण्यावर दिली, पण कारवाई झाली नाही. अधीक्षकांकडे धाव घेतल्यावर गुन्हा नोंदला गेला. तरीही मुलीचा शोध वा आरोपींची अटक झाली नाही. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद अनिवार्य आहे. वैवाहिक कलह, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जीपणा, भ्रष्टाचार व तीन महिन्यांहून अधिक विलंब झालेली प्रकरणे ह्यांत मर्यादित प्राथमिक चौकशीची मुभा राहिली. दिवाणी तंट्याला फौजदारी रूप देऊन दुसऱ्यास वेठीस धरणारे लोकही असतात, हे लक्षात घेता ही मुभा अवाजवी म्हणता येणार नाही.

नव्या संहितेने मात्र ती रुंदावली आहे. तीन वर्षे वा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. पुष्कळशा नित्याच्या तक्रारी ह्याच पट्ट्यात मोडतात. म्हणून ह्या मुभेचा वापर कसा होतो ह्याचा ठाणेवार अभ्यास होणे अगत्याचे आहे. उलटपक्षी हद्दीची सबब आता कायद्यानेच काढून टाकली आहे: गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्याने घेतली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही ती देता येते. तीन दिवसांत सही मात्र करावी लागते.

नकार मिळाल्यास पहिली पायरी पोलीस अधीक्षकांची. खबरीचा सारांश लिहून टपालाने पाठवावा. पोहोचपावती जपून ठेवावी, कारण पुढील पायरीवर तीच आधी मागितली जाते. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा. प्रतिज्ञापत्राची अट न्यायालयाने २०१५ साली घातली व नव्या कलम १७५(३) ने ती संहितेत आणली. पोलिसांचे म्हणणे ऐकून मगच आदेश द्यावा, अशी भर त्यात पडली. महाराष्ट्रातील एका प्रकरणात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्याने यांत्रिकपणे तपासाचा आदेश देऊ नये, असे बजावले. उच्च न्यायालयात थेट रिट अर्ज करण्याची धाव सहसा फुकट जाते. आधी दंडाधिकारी, हा क्रम साकिरी वासू प्रकरणात २००७ साली स्पष्ट झाला आहे.

काही गुन्ह्यांत नोंद न करणे हाच गुन्हा आहे. बलात्कार, आम्लहल्ला इत्यादींची खबर न नोंदणाऱ्या लोकसेवकास सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद २०१३ साली झाली. ती आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तर नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, असे २०१८ चे कलम १८-अ सांगते.

उरतो तो खाजगी फिर्यादीचा मार्ग. त्यात फिर्यादीस स्वतः साक्षीदार उभे करावे लागतात. पंचनामा, जप्ती, वैद्यकीय तपासणी ह्यांची वेळ तोवर टळून गेलेली असते. शिवाय खटल्यात बचावपक्षाचा पहिला प्रश्न खबरीस झालेल्या विलंबाचा असतो. तो विलंब ठाण्याच्या दारातच घडला, हे सिद्ध करावयास अधीक्षकांना पाठविलेल्या पत्राच्या त्या पावतीवाचून फिर्यादीजवळ बहुधा दुसरे काहीच नसते.