दाताची कॅप का तडकते?

मंडळी, दाढ किडली, तिची मुळे साफ करून घेतली, की दातांचे डॉक्टर तिच्यावर कॅप बसवायला सांगतात. वाढवणच्या मच्छीमार बांधवाला त्यासाठी कामाचे दिवस मोडून डहाणू नाहीतर पालघर गाठावे लागते. पैसाही बराच जातो. आणि एके दिवशी सुपारी फोडताना कॅप कटकन तडकते. ‘मालच खोटा होता’ असे आपण म्हणून मोकळे होतो. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा कारण निराळे असते.

गुरुजी, वर्गातला एक खडू घ्या. दोन्ही टोकांनी सरळ दाबा. सहजी मोडत नाही. आता तो वाकवा. लगेच दोन तुकडे. वाकवताना एका अंगाला दाब पडतो, दुसऱ्या अंगाला ताण, आणि मोडायला सुरुवात होते ती ताणाच्या अंगाने. आधी नखाने चर पाडली, तर खडू बहुधा तिथेच मोडतो. चिनी मातीची जातकुळी हीच. वाढवण, वरोर, चिंचणीकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत, त्यांना विचारा. पोलादाला घाव बसला तर ते किंचित दबून घेते. चिनी माती दबत नाही, तडकते.

मग तिला बळ द्यायचे कसे? बैलगाडीचे लाकडी चाक आठवा. लोहार लोखंडी धाव तापवून चाकावर चढवी. थंड होताना धाव आकसे आणि सारे चाक आवळून धरी. कॅपमध्येही तसेच करतात. आत धातूचे पातळ टोपण, वर चिनी मातीचा थर, आणि भट्टीत सुमारे ९०० अंशांची आच. एक अंश उष्णता वाढली की धातू दहा लाखांत साधारण १४ भाग फुगतो. चिनी माती मुद्दाम थोडी कमी, म्हणजे १३च्या आसपास फुगेल अशी बनवतात. निवताना धातू जरा जास्त आकसतो आणि मातीला दाबात धरून ठेवतो. मातीत ल्यूसाइट नावाचे खनिज राखून हा मेळ साधण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत वाइनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६२ साली मिळाले. मेळ उलटा पडला, तर माती ताणात राहते आणि चिरते.

आता झिर्कोनियाच्या पांढऱ्या कॅपा आल्या आहेत. झिर्कोनिया साध्या चिनी मातीच्या कितीतरी पट बळकट. पण त्यातून उष्णता फार हळू वाहते. वरून मातीचा थर दिलेली अशी कॅप भट्टीतून घाईने निववली, तर बाहेरचे आधी थंड होते, आतले गरम राहते, आणि ओढाताण आतच अडकून पडते. पुढे वरचा टवका उडतो तो यामुळे. म्हणून निववण्यात घाई चालत नाही.

तर मग गरम चहावर बर्फाचे सरबत प्यायले की कॅप फुटते का? चांगली बनलेली कॅप सहसा तेवढ्याने फुटत नाही. पण बारीक चीर आधीच असेल, तर उष्णतेचा चढउतार, रोजचे चावणे आणि चिरेच्या टोकाशी पोचणारे लाळेतले पाणी, ही तिन्ही मिळून ती चीर वर्षानुवर्षे पुढे सरकवतात. शेवटची सुपारी केवळ निमित्त होते.

तेव्हा एवढे सांभाळा. नवी कॅप चावताना उंच लागत असेल, तर ‘होईल सवयीने’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. सारा जोर त्या एकाच जागी येतो. डॉक्टरांनी कॅप घासली, तर ती पुन्हा गुळगुळीत करून मागा, कारण ओरखडा म्हणजे खडूवरची चर. सुपारी, बर्फ, बाटलीचे झाकण त्या दाताने फोडू नका. रात्री दात खाण्याची खोड असेल तर आधीच सांगा. आणि टवका उडालाच, तर घरी चिकटवत बसू नका. तुकडा कागदात बांधून डॉक्टरांकडे न्या.