बारा पुरुषांचा मेंदू आणि पारावरचा विनोद

‘बायको काय म्हणली, ऐकूच आलं नाही बघा,’ हे वाक्य सेनगावच्या पारावर कुणीतरी टाकतं आणि बाकीचे हसतात. 2005 साली या विनोदाला थेट विज्ञानाचा शिक्का मिळाल्याची आवई उठली. पुरुषाच्या मेंदूला बाईचा आवाज झेपतच नाही, असं जगभरच्या बातम्यांनी ठोकून दिलं. ती समजूत अजूनही पुरती गेलेली नाही, म्हणून त्या सगळ्या प्रवासाचा हा मागोवा.

सुरुवात त्याच्या दहा वर्षं आधीची. 1995 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 19 पुरुष आणि 19 स्त्रियांना यमक जुळतं का ते ओळखायला सांगून त्यांचे मेंदू तपासले. पुरुषांचा डावा भाग कामाला लागला, तर 11 स्त्रियांचे दोन्ही भाग. निष्कर्ष आकर्षक होता, त्यामुळे तो पसरलाही भराभर. पुढे इंडियाना विद्यापीठात माणसांना कादंबरीतला उतारा ऐकवून तसंच काहीसं दिसलं. ‘पुरुष अर्ध्या मेंदूनं ऐकतात’ हा मथळा तेव्हाचा.

मग आलं इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातलं संशोधन, ज्यावरून एवढा गहजब झाला. 12 जणांना बायकांचे आणि पुरुषांचे आवाज ऐकवले. बाईच्या आवाजानं मेंदूच्या उजव्या बाजूचा, कानाच्या वरचा आवाज ओळखणारा भाग जास्त जागा झाला. पुरुषी आवाजानं मागच्या बाजूचा एक वेगळाच भाग. बाईचा आवाज ऐकू येत नाही, असं त्यात कुठंही नव्हतं. आणि गंमत अशी, की ते बाराही जण पुरुष होते! बायकांचे कान तपासलेच नव्हते. तरीही ‘स्त्री-पुरुषांच्या मेंदूतला फरक’ म्हणून ते खपलं.

दोन आवाजांत फरक असतोच. पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपनं सेकंदाला साधारण 120, बाईची 200 च्या आसपास. शिवाय घशाच्या पोकळीची लांबी वेगळी. दोन वेगळे आवाज मेंदूनं वेगवेगळे हाताळले तर त्यात नवल काय?

येलच्या दाव्याचं पुढे काय झालं, याची बातमी मात्र फारशी झाली नाही. आयरिस सोमर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हा भाषेच्या बाबतीत डाव्या-उजव्या मेंदूचा स्त्री-पुरुष फरक टिकलाच नाही. 2021 मध्ये लिझ एलियट यांनी तीन दशकांचं संशोधन चाळलं आणि मेंदूच्या आकारापलीकडे हाती फारसं काही उरत नाही, असं मांडलं.

येलच्या प्रयोगाच्या सुमारास महाराष्ट्रात ऐकण्याचं वेगळं काम चाललं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पानं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. बायका पहाटे दळताना गायच्या तेव्हा घरातले पुरुष दोन हातांच्या अंतरावरच निजलेले असत. आवाज कानावर पडत होता, पण त्यातल्या शब्दांची कुणी नोंद ठेवली नव्हती.

ग्रामसभेतही तेच चालतं. बायका मागं, भिंतीला टेकून बसतात. कुणी पाण्याच्या टाकीचं बोलायला उठली की पुढून ‘बरं, बरं, बसा ताई’ येतं. याला मेंदूतला कुठला भाग जबाबदार? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायलाच हवी, असं महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा सांगतो, तो उगीच नाही.

एक मात्र खरं: वय झालं की आधी तीव्र, बारीक स्वर कमी ऐकू येतात, स, श, फ निसटतात. तसं होत असेल तर खुशाल कानाची तपासणी करून घ्या. आणि पुढच्या ग्रामसभेत इतिवृत्ताची वही मागून बघा, महिला सभेतला एकतरी ठराव त्यात चढलाय का.