हजेरीच्या वेळा

सोलापूर, १९४३. महायुद्ध चालू आहे, कापडाला मागणी आहे, गिरण्यांची धुराडी थांबत नाहीत. शहराच्या कडेला काटेरी तारेच्या आत गुन्हेगार जमातींची वसाहत आहे. सोलापूरकर तिला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात. आत कैकाडी, टकारी, पारधी, भामटे अशा कितीतरी जमातींची कुटुंबं आहेत. कुणी शिक्षा भोगून आलेलं असेल, पण पुष्कळ जण केवळ त्या जमातीत जन्मले म्हणून आत आहेत. खालचा दिवस कुणा एकीचा नाही. कायद्याची कलमं, गिरणीचे तास आणि अशा वस्त्यांतल्या माणसांनी सांगून ठेवलेल्या आठवणी यांवरून तो एका कैकाडी बाईचा म्हणून जुळवला आहे. ती गिरणीत रीळ खात्यात आहे.

पहाटे साडेचार. चूल पेटते. ज्वारी महागल्यापासून भाकऱ्या मोजून थापाव्या लागतात. नवऱ्याची दुसरी पाळी असल्यामुळे त्याच्या वाटणीच्या भाकरी फडक्यात बांधून शिंक्यात ठेवायच्या, स्वतःच्या दोन बरोबर घ्यायच्या. शेंगांची चटणी असली तर कोरड्यास लागत नाही.

साडेपाच. पहिली हजेरी. मोकळ्या जागेत ओळी लागतात, नावं पुकारली जातात, पुकारलं की ओ द्यायची. नाव रजिस्टरात आहे आणि त्याखाली बोटांचे ठसेही आहेत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागू झाला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला आणि १९२४ मध्ये सगळं पुन्हा एकत्र बांधलं गेलं. एखादी जमात गुन्हेगार आहे असं सरकारने एकदा जाहीर केलं की त्या निर्णयाला कोर्टात आव्हान देता येत नाही. वागणूक चांगली दिसली तर हजेऱ्या कमी होतात, पुढे तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत घर मिळू शकतं. त्यामुळे वसाहतीतल्या भांडणातही आवाज चढवताना माणूस आधी ऑफिसकडे बघून घेतं.

सहा. बायकांचा घोळका गिरणीकडे निघतो. भोंगा होण्याआधी फाटकात पोचलं पाहिजे. १९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बाईला सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही. तिची रात्र गिरणीपासून राखायला एक कायदा आहे आणि त्याच रात्री ती झोपडीत आहे ना हे बघायला माणूस पाठवणारा दुसरा.

सात ते बारा. रिळं, सूत, तुटलेला धागा, गाठ, पुन्हा रिळं. यात सांगण्यासारखं फार नाही. हवेत कापसाचे तंतू असतात आणि नाकातोंडात जातात, एवढंच. मालकाच्या बाजूने पाहिलं तर मात्र हे तास वेगळे दिसतात. सोलापूरच्या गिरणीतला गावाकडचा कामगार पेरणीला पळतो, काढणीला पळतो. सेटलमेंटचा कामगार कुठे जाणार? आजारी पडला तरी सापडतो. सुधारणेच्या नावाखाली मजुरांची ही सोय झाली, आणि ती आपोआप झाली असं मला वाटत नाही.

बारा. जेवणाची सुट्टी. शेजारी बसलेली बाई वळसंगकडची आहे. अक्कलकोट रस्त्यावरचं वळसंग, इथून वीसेक किलोमीटर. सुट्टी मिळाली की ती गावी जाऊन येते. त्याच वळसंगला १९३७ मध्ये दलितांनी खोदलेल्या विहिरीवर डॉ. आंबेडकर आले होते, हे ती बाई अभिमानाने सांगते. कैकाडी बाई ऐकते. तिची आजी तुरीच्या काड्यांच्या कणग्या, टोपल्या गाढवावर लादून अशाच गावांतून फिरायची. आता तेवढं अंतर जायला पास लागतो. त्यावर कुठे जाणार आणि परत कधी येणार ते लिहिलेलं असतं. मुदत टळली तर वॉरंटाशिवाय अटक होऊ शकते.

युद्धात इतरांनाही कोंडलं होतंच. १९३९ मध्ये या देशात सापडलेले जर्मन अहमदनगरच्या छावणीत टाकले गेले, पुढे देवळाली, मग देहरादून. गिर्यारोहक हाइनरिख हारर त्यांच्यातलाच. ते शत्रूराष्ट्राचे नागरिक होते, त्यामुळे त्यांची विचारपूस करायला रेडक्रॉसची माणसं येत. याच १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली, तिथे बायका आणि मुलंच जास्त. युद्ध संपलं की सुटू, ही आशा तरी त्या दोन्ही ठिकाणी धरता येत होती. सोलापूरच्या तारेआतल्यांचं कुणाशी युद्धच नव्हतं, मग ते संपणार कुठून?

दुपारी तीन. मुलगा शाळेत आहे. वसाहतींची ही पद्धत ज्यांनी मुंबई इलाख्यात बसवली, त्या ओ. एच. बी. स्टार्ट यांचा शाळेवर आणि कामावर फार विश्वास. दलितांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचे हेच अध्यक्ष, आणि त्या समितीत आंबेडकरही होते. माणूस वाईट हेतूचा नव्हता. शाळा खरी होती, मुलं खरोखर लिहायला शिकली. पण सरकारला मुलं आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवता येतील, असं कलमही गुन्हेगार जमाती कायद्यात होतं. म्हणून मुलाच्या मास्तरांनी बोलावलं की हिच्या पोटात गोळा येतो.

संध्याकाळी सहा. परतीची वाट. वाटेत बाजार लागतो, पण रेंगाळायला वेळ नाही. फाटकावर नोंद, मग दुसरी हजेरी. त्यानंतर पाणी, चूल, आणि उजेड असेपर्यंत एखादी टोपली विणायची. हात अजून विसरलेले नाहीत.

रात्री नऊ. तिसरी हजेरी. नवरा पाळीवर आहे, तसं सांगावं लागतं, त्याची नोंद पडताळली जाते. तो मध्यरात्रीनंतर येईल. येताना बरोबर गिरणीची चिठ्ठी असलीच पाहिजे, कारण संशयास्पद स्थितीत सापडला एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि अंधारात चालत येणारा कैकाडी संशयास्पद नाही हे पोलिसाला कोण पटवणार?

मुंबई इलाख्याने गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. फ्री कॉलनी हे नाव सोलापुरात पत्त्यांवर अजून लिहिलं जातं. १९४३ च्या त्या रात्री मात्र तिला एवढंच बघायचं आहे की पुढच्या आठवड्यात नवऱ्याची पाळी बदलते आहे, आणि ते आधी ऑफिसात कळवायला हवं, नाहीतर सकाळच्या हजेरीला तो गैरहजर लागेल.